साडूंचं नाक

जगात जेवढी म्हणून भीती आहे, तिच्यातली निम्मी एकटे आमचे साडू वापरतात. उरलेली निम्मी बाकीच्या मानवजातीने आपापसांत वाटून घेतली आहे, आणि म्हणूनच ती कुणाला पुरत नाही. लोक बिनधास्त शिळा भात खातात, भरल्या लिफ्टमध्ये पोट आत ओढून घुसतात, ओल्या हाताने बटणं दाबतात. साडूंनी यातलं एकही कृत्य जन्मात केलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, आणि इथे कुवेतमध्ये फहाहीलच्या पलीकडे एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी खात्यात साहेब. थोडक्यात, घाबरण्याचा त्यांना पगार मिळतो. पण माणूस इतका प्रामाणिक, की तेच काम घरी आल्यावर फुकट करतो.

फहाहीलला घर घेताना त्यांनी समुद्र दिसणारी नवव्या मजल्यावरची जागा नाकारली आणि पहिल्या मजल्यावरची, खालच्या कबाबवाल्याचा धूर थेट दिवाणखान्यात येणारी जागा घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "इथून उडी मारली तर पाय मोडतो, माणूस राहतो." एजंट इजिप्तचा होता. त्याला हे इंग्रजीत समजावून सांगितल्यावर त्याने भाडं कमी केलं म्हणतात. त्याला वाटलं, गिऱ्हाईक फार दुःखात आहे. कुणाच्याही घरी गेले की साडू आधी जिना कुठे आहे ते पाहतात, मग यजमानांना नमस्कार करतात, आणि दाराजवळची खुर्ची धरतात. आमच्या सलवा भागातल्या घरी सत्यनारायण होता, तेव्हा समईशेजारी त्यांनी एक वाळूची बादली आणून ठेवली. कुवेतमध्ये वाळूला काय तोटा. गुरुजी नवे होते, कुठे तरी नोकरी सांभाळून पूजा सांगणारे. त्यांना वाटलं, नाशिककडची काही रीत असेल. त्यांनी कलशाबरोबर बादलीवरही हळदकुंकू वाहिलं, आणि उत्तरपूजेला तिच्यावर अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हणाले. बादली आजही आमच्या बाल्कनीत आहे. विसर्जन कसं करतात ते कुणाला माहीत नाही.

वाढदिवसाला सगळे 'दीर्घायुषी व्हा' म्हणतात. साडू त्यासाठी काय काय टाळावं ते सांगतात. माझ्या चाळिसाव्या वाढदिवशी सकाळी सहाला फोन. "शुभेच्छा. आता जिने चढताना कठड्याला हात लावत जा." पापलेटचा एक तुकडा खायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पापलेटची पुढची पिढी बाजारात येते. काटा सापडला की दचकतात आणि नाही सापडला की जास्त दचकतात; म्हणे, "असणार नक्की. लपलाय."

पण साडूंचं सगळ्यात भारी हत्यार म्हणजे त्यांचं नाक. परमेश्वराने त्यांच्या डोळ्यांवर जाड काच बसवली, डोक्यावरचे केस काढून घेतले आणि ती सगळी भरपाई नाकात केली. शेजारच्या इमारतीत कुणी दूध उतू घालवलं तर साडू आपल्या घरचा गॅस बंद करतात. एकदा मॉलमध्ये अत्तराच्या एका झगमगीत दुकानापाशी ते थबकले, दोनदा हुंगलं, आणि मागचापुढचा विचार न करता भिंतीवरची लाल खटकी ओढली. भोंगे वाजले, सरकते जिने थांबले, दोन मजले माणसं रस्त्यावर आली. जळत काय होतं? बखूर. अरबांकडे पाहुण्यांसाठी निखाऱ्यावर सुगंधी लाकूड धुपवतात, ते. दुकानाचा मालक, पांढरा झगा घातलेला म्हातारा, पोलिसांची वाट बघत उभ्या असलेल्या साडूंकडे आला आणि त्याने चहा मागवला. त्याचं म्हणणं, त्याच्या बखूरची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. तेव्हापासून आमच्यात कुणी कशाचाही वास घेतला, की दुसऱ्याने म्हणायचं, "बखूर असेल." साडूही हसायचे. त्यांचा एक मोठा गुण हा, की आपल्यावर हसणाऱ्यांचा त्यांना राग येत नाही. "हसा," म्हणायचे, "पण दाराजवळ बसून हसा."

या सगळ्याचा खरा मारा झेलायची त्यांची मुलगी, मिनू. तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. 'जपून', 'हळू', 'हात नको लावूस', 'आधी बघ' हे शब्द तिने आईच्या दुधाबरोबरच ऐकलेले. त्यामुळे आपल्याला जसा एसीचा आवाज काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो, तसा तिला बाप ऐकू येत नसे. साडूंनी बोलायला तोंड उघडलं, की ती वर न बघता "बाबा, आय ॲम फाइन" म्हणायची. पुष्कळदा बापाचं वाक्य संपायच्या आधी, कधीकधी सुरू व्हायच्याही आधी.

आणि त्या उन्हाळ्यात, उन्हाळा सरत आला असताना, चाचांनी आम्हाला कापणी बघायला मळ्यावर बोलावलं.

चाचा रत्नागिरीकडचे. हयात कुवेतमध्ये गेली. पूर्वी भाजीचा धंदा होता, आता सुलैबियाला एका कुवेती मालकाचा मळा सांभाळतात. शेळ्या, थोडी भाजी, आणि बाकी सगळी जत. जत म्हणजे आपली लसूणघास. वाळवंटात गुडघ्याएवढं हिरवंगार गवत उभं असतं आणि त्याच्या बांधापासून पुढे थेट इराकपर्यंत पिवळ्याशिवाय काही नाही. दुपारच्या उन्हात बाहेर काम करायला बंदी, म्हणून कापणी चार वाजल्यानंतर. साडूंनी न येण्यासाठी विंचू, उंट, उष्माघात आणि मळ्याच्या कूपनलिकेचा उघडा पाइप अशी चार कारणं दिली. माझ्या मेहुणीने त्यांना उत्तर न देता मिनूची टोपी शोधली, आणि ते गाडीत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा यंत्र फिरत होतं. मागे कापलेल्या जतीच्या ओळी पडत होत्या. हवा अशी दमट की शर्ट स्वतःहून अंगाला मिठी मारत होता, आणि सूर्य तांब्याच्या परातीसारखा, धुळीत निम्मा बुडालेला. कामगार, बहुतेक बिहारचे, डोक्याला ओली फडकी बांधून ओळी उलटत होते. मुलं शेळ्यांकडे धावली. आम्ही गठ्ठ्यांच्या शेडच्या सावलीत चटई टाकली. शेड म्हणजे वर पत्रे, तीन बाजू मोकळ्या, आणि आत आधीच्या कापणीचे दोरीने आवळलेले गठ्ठे पत्र्याखाली जेमतेम हातभर जागा उरेपर्यंत रचलेले. घरावर घर चढवावं तसे.

आणि तिथे तो वास होता.

मी कराडचा. तो वास नाकात गेला आणि मी खाली बसलो. गुऱ्हाळ. काहिलीत उकळता रस, काठावरची मळी, ताजा गूळ. कुवेतच्या वाळवंटात, शेळ्यांच्या लेंड्यांत, सुलैबियाला गुऱ्हाळ. बायको सांगलीकडची, तिने डोळे मिटले आणि "अगं ताई, आपल्या आप्पांच्या मळ्यातला वास" एवढंच म्हणाली. ताईने पदराने नाक पुसलं. चाचा खूश. म्हणाले, "चार दिवस झाले येतोय. मी पोरांना सांगितलं, हा बरकतीचा वास आहे. गवत गोड आलंय या वर्षी."

आम्ही खोलखोल श्वास घेत होतो. मी तर खरं सांगतो, एका श्वासात कराडच्या अलीकडे-पलीकडे जाऊन आलो. थर्मासमधला चहा पेल्यांत पडला. कुणी तरी म्हणालं, आता नुसता गरम गूळ आणि शेंगदाणे हवेत. साडू चहा पीत नव्हते. पेला तोंडापाशी नेऊन तसाच धरलेला. नाकपुड्या हलत होत्या.

"बखूर असेल," मी म्हणालो, आणि सगळे हसले.

साडू हसले नाहीत. "चाचा," ते म्हणाले, "हे रचून किती दिवस झाले?"

"झाले असतील की पंधरा-वीस."

"वाळलं होतं?"

"वाळायला ठेवलंच कुठे? तुम्ही बघितलं नाही का, त्या आठवड्यात समुद्राकडून वारा सुटला, आभाळ नुसतं भरून आलं. अहो, भरल्या आभाळाखाली गवत बाहेर ठेवायचं हे आमच्या बापजाद्यांनी नाही केलं. रातोरात गठ्ठे बांधले, आत घेतले, वर ताडपत्री ओढली."

"चाचा, कुवेतला ऑगस्टात पाऊस पडतो का?"

"नाही पडत," चाचा म्हणाले. "पण पडला असता तर?"

आता हे मी अनेक बैठकांत हसत सांगितलंय, आणि दर वेळी इथपर्यंत येऊन हसायचं राहून जातं. पावसाच्या मुलखातला माणूस चाळीस वर्षं वाळवंटात राहिला तरी ढग बघून त्याचे हात गवताकडे जातात. त्या हातांनी ओलं गवत आवळून, कोंडून, पांघरूण घालून ठेवलं होतं. साडू उठले. कोपऱ्यात पहार पडली होती, ती त्यांनी गठ्ठ्यांच्या फटीतून दोन्ही हातांनी आत खुपसली आणि तसेच उभे राहिले. आम्ही चहा संपवला. मग त्यांनी पहार हळूच ओढली, टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "हात लावा, साडू."

मी हसत हात लावला. बोटं परत आली ती भाजून. हसू बाहेरच राहिलं, त्याला आत यायला जागा मिळेना.

"आत पेटलंय," ते म्हणाले. "ओलं गवत कोंडलं की आतल्या आत तापत जातं; हा गुळाचा वास त्याचाच. धूर अजून बाहेर यायचाय. गठ्ठा कुणी हलवू नका. ताडपत्री ओढू नका. हवा मिळाली की भडकेल. चाचा, अग्निशमनला फोन करा. पाण्याचा पाइप आणा. आणि पोरं कुठे आहेत?"

पोरं शेळ्यांपाशी होती. माझा मुलगा, चाचांच्या दोन नाती. त्यांची तोंडं मी पुन्हा पुन्हा मोजली, जणू मोजल्याने एक वाढणार होता.

"मिनू कुठेय रे?"

"शी इज हायडिंग," माझा मुलगा म्हणाला. "शी ऑलवेज विन्स." आणि त्याने शेडच्या वरच्या अंगाला, पत्र्याखालच्या काळोखाकडे बोट केलं.

त्या क्षणी ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहिणार नाही. ती धावलीच. साडूंनी तिला आडवं होऊन धरलं. ज्या माणसाने जन्मभर लिफ्टचं बटणही कोपराने दाबलं, त्याने बायकोला मिठीत घट्ट धरून ठेवलं आणि तिच्या कानात म्हणाला, "तू ओरडलीस तर ती आणखी आत जाईल. तिला वाटेल, मी ओरडायला लावलंय."

बरोबर होतं. आयुष्यभर ज्याने प्रत्येक पायरीवर आग पाहिली, त्याने आता 'आग' म्हटलं असतं तर पोरगी "बाबा, आय ॲम फाइन" म्हणून आणखी एक गठ्ठा आत सरकली असती. हे साडूंना माझ्या आधी कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर 'जपून' आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला.

मग ते बोलले. तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. सैल, आळसावलेला, रविवारी दुपारी लोळत बोलावा तसा. माझ्या अंगावर काटा आला तो आगीने नाही, त्या आवाजाने. त्या आवाजात भीतीच नव्हती, आणि साडूंच्या आवाजात भीती नसणं म्हणजे समुद्रात पाणी नसणं.

"मिने, ए मिने. हरलो बाबा मी. सापडतच नाहीस."

गवतात सळसळ झाली. खूप आत, खूप वर.

"रियली?"

"अगदीच हरलो. कुठे आहेस तेवढं सांग. बघू तरी."

पत्र्याखाली, शेडच्या अगदी मधोमध, दोन गठ्ठ्यांच्या मधून, ताडपत्रीची कड सारत एक टोपी वर आली. "इथे हॉट आहे खूप," मिनू म्हणाली. मराठीत बोलली, त्यावरूनच कळलं की तिला बरं वाटत नाहीये.

ती मधोमध होती. गुळाचा वास जिथून येत होता तिथे.

साडूंनी शिडी मागवली. उभी नाही लावली. ती आणि एक लांब फळी कडेच्या उतरत्या गठ्ठ्यांवरून आडवी सरकवली, मिनूच्या दिशेने. शेळ्या बांधायचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "खालचे गठ्ठे आतून जळून पोकळ झालेले असतात," मला म्हणाले, हळूच, मुलीला ऐकू जाणार नाही असं. "पाय दिला तर माणूस खाली जातो. म्हणून आडवं जायचं. मी खाली गेलो, तर ओढा. वर नाहीच आलो, तर तुमच्या ताईला न्या आणि मागे बघू नका." मग चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि आमचा घाबरट साडू, पहिल्या मजल्यावर राहणारा माणूस, त्या गवताच्या डोंगरावर पोटावर सरपटत निघाला.

माझ्या हातातला दोर सरकत होता. मला देवाचं नाव आठवेना. मी मनात नुसतं 'हळू, हळू, जपून' म्हणत होतो. वर साडू मजेत बोलत होते. "मगर माहितीये ना तुला? मगर कशी येते? तश्शी ये फळीवरून. बघू कोण चांगली मगर होतं. उभं राहिलं की बाद."

"तुम्ही पण मगर?"

"मी म्हातारी मगर. ये."

ती आली. पोटावर, कोपरं टेकत, हसत. तिचा हात त्यांच्या हातात आला. तिला त्यांनी स्वतःच्या पाठीवरून पुढे जाऊ दिलं आणि मग स्वतः मागेमागे सरकायला लागले. फळीचं टोक खाली दबलं. त्यांच्या डाव्या गुडघ्याशेजारचा गठ्ठा आवाज न करता आत बसला, एखादा म्हातारा खुर्चीत बसतो तसा, आणि त्या भोकातून करडा धूर आला. गोड. अजूनही गोडच. मी दोर ओढला, चाचांनी ओढला, बिहारी पोरांनी ओढला. साडू शिडीवरून घसरत, अंगावर गवत घेऊन, मुलीसकट आमच्या पायांशी येऊन पडले.

साडू धडपडत आधी उभे राहिले. मिनूही उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "बाबा बाद. ते उभे राहिले."

आम्ही सगळे लांब, कापलेल्या शेताच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. अग्निशमनवाले आले, त्यांनी पाइप रोखून धरले आणि मगच गठ्ठे उघडले. आतले गठ्ठे कोळशासारखे काळे, आणि हवा लागताच त्यांतून ज्वाळा उठली ती पत्र्याला चाटून गेली. चाचा वाळूवर बसले होते, दोन्ही हात डोक्याला लावून. साडू त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चाचांच्या पाठीवर हात फिरवत होते, एवढं दिसलं.

त्यानंतर मी गुऱ्हाळाचा वास घेतलेला नाही. यंदा कराडला गेलो तेव्हा मित्र म्हणाला, चल, काहिलीवर जाऊ. मी म्हणालो, पोट बरं नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. साडूंना पुढे बसायला सांगितलं तर मागे बसले. मिनू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. केसांत गवताच्या काड्या होत्या, आणि ते एकेक काडी काढून खिडकीच्या काठावर ओळीने ठेवत होते. सूर्य गेला होता, आभाळ राखेच्या रंगाचं होतं. रस्ता रिकामा मिळाला म्हणा किंवा माझे पायच माझ्या ताब्यात नव्हते म्हणा, काटा एकशे तीसच्या पुढे गेला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं. साडू बघत होते, काटाही त्यांना दिसत होता.

मी वाट पाहिली. एखादं 'जपून' येईल, निदान एक खाकरणं. काहीच आलं नाही. मग मीच पाय उचलला, उजवीकडच्या संथ लेनमध्ये गेलो, आणि घरापर्यंत गाडी अशी चालवली की मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न देऊन पुढे गेला.